पाळणाघरातला ड्रायव्हर

मी औषधाच्या खिडकीमागे बसणारा माणूस. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरीणबाई जे लिहून देतात ते वाचायचं, गोळ्या कापून पाकिटात घालायच्या आणि समोरच्याला पुन्हा पुन्हा बजावायचं की उपाशीपोटी घेऊ नकोस, हे माझं काम. मला कोणी कंपाउंडर म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि मी सहसा कोणाचं कौतुक करत नाही. माझी बायको सांगते की तिला पहिल्यांदा पाहून घरी गेल्यावर मी नुसतं "ठीक आहे" म्हणालो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी एका माणसाला उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय असं कोणाला वाटायला नको.

तो माणूस म्हणजे आमचा ड्रायव्हर. आता तो गाडी चालवत नाही, पाळणाघरात मुलं सांभाळतो, पण कुलगुरूंपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात. मुलं "डायवल" म्हणतात. त्याला दोन्ही चालतं.

आमची इमारत बैठी आहे. आधी इथे जुन्या उत्तरपत्रिकांचं गोदाम होतं, आणि हवा दमट झाली की भिंतींना अजून कागदाचा वास येतो. मधून एक लांबलचक कॉरिडॉर. एका टोकाला डॉक्टरीणबाई आणि माझी खिडकी, दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या मुलांसाठी पाळणाघर, आणि मधोमध समुपदेशन कक्ष. पाटीवर तसं लिहिलंय, पण तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे "मनाच्या बाई" म्हणतात. त्यांच्याकडे कोणी बोलत बसलं असेल तर दाराच्या मुठीला लाकडाची लाल चकती लटकते. चकती असली की दार वाजवायचं नाही, काही झालं तरी नाही, हा आमच्याकडे देवाच्या शपथेसारखा नियम. ज्या पोरांना त्यांच्याकडे जायचं असतं ती आधी माझ्या खिडकीपाशी येतात, खोकल्याच्या गोळ्या मागतात आणि कॉरिडॉर रिकामा होईपर्यंत इकडेतिकडे बघत उभी राहतात. मी त्यांच्यासाठी एक बरणी भरून ठेवतो. खोकला त्यातल्या कोणालाच नसतो.

मनाच्या बाईंनी एकदा आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं, "कोणाकडे बघून तुमच्या मनात पाल चुकचुकली, तर आपलं चुकत तर नाही ना असा विचार करत बसू नका. येऊन मला सांगा. चुकलात तरी मी हसणार नाही." आम्ही माना डोलावल्या. माझ्या मनात मात्र आलं की उद्यापासून बाईंकडे रांग लागणार.

ड्रायव्हर तेव्हा रुग्णवाहिकेवर होता. दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतात इतका आडवा गडी, झुपकेदार मिशा, आणि आवाज असा की कुजबुजला तरी पलीकडच्या खोलीत कळावं. एकदा नर्सबाई रजेवर होत्या म्हणून मला त्याच्याबरोबर जावं लागलं. वसतिगृहातली एक मुलगी तापाने फणफणली होती, ग्लानीत होती, डोळे मिटत चालले होते. मी तिच्या कपाळावर ओला रुमाल धरून बसलो. तेवढ्यात पुढून आवाज आला, "ताई, चौक आला बघा. डावीकडे घेऊ की उजवीकडे? मी जरा नवीन आहे इकडे."

माझा पारा चढला. अरे, याच रस्त्यावर तुझे केस पांढरे झाले! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने आरशातून माझ्याकडे असे डोळे वटारले की मी गप्प बसलो.

मुलगी पुटपुटली, "डावीकडे."

"बरं. आता पेट्रोल पंप दिसतोय. त्याच्या आधी वळायचं का नंतर?"

"नंतर."

"आधी ना?"

"अहो, नंतर!"

मोठ्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत ती त्याच्यावर चक्क खेकसत होती. पण डोळे टक्क उघडे. तिला उतरवून घेणारे डॉक्टर म्हणाले, जागी ठेवलीत हे फार चांगलं केलंत. ते माझ्याकडे बघून म्हणाले आणि मी काहीच बोललो नाही.

परत येताना मी त्याला छेडलं. तो हसला. "अहो कंपाउंडरसाहेब," मला असं म्हणून जिवंत राहिलेला हा एकटाच, "मी नवा होतो ना, तेव्हा खरंच चुकलो होतो. मागे एक म्हातारे गृहस्थ, छातीत दुखत होतं, अर्धे गेल्यातच जमा. मी भलत्याच गल्लीत गाडी घातली. ते मागून ओरडले, गाढवा, ही गल्ली पुढे बंद आहे! आणि मग शेवटपर्यंत मला वळणं सांगत आले. शिव्यांसकट. वाचले ते. पुढे कधी भेटले की मला गाढवच म्हणायचे." त्याने गिअर बदलला. "आजारी माणसाला काय होतंय विचारलं की तो आणखी आजारी होतो. रस्ता विचारला की त्याला वाटतं, आपण डोळे मिटले तर हा मूर्ख गाडी कुठेही नेईल. मग तो मिटत नाही."

त्या दिवशी चहा मी पाजला. मला ओळखणाऱ्यांना यावरून काय ते कळेल.

मग त्याचा एक डोळा बिघडला. डॉक्टरीणबाईंनीच तपासून सांगितलं की आता गाडी बंद. ऑफिसने त्याला पाळणाघरात मदतनीस म्हणून पाठवलं, तात्पुरतं. आमच्या ऑफिसात तात्पुरतं म्हणजे निवृत्तीपर्यंत. गाडीच्या किल्ल्या देऊन तो माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "माझ्या पोरी कधी वाढल्या मला दिसलंच नाही. घरी जावं तर झोपलेल्या. आता लोकांच्या बघतो."

पण लोकांची पोरं त्याला बघून भोकाड पसरायची. एवढं मोठं धूड वाकून जवळ यायला लागलं की कोणीही घाबरेल. त्यातच किड्यांवर, म्हणजे भुंग्यांवर पीएचडी करणारी एक मुलगी होती. तिचा नवरा दूरच्या शहरात नोकरीला, इथे ती आणि तिचा दीड वर्षाचा मुलगा, दोघंच. तिने ड्रायव्हरच्या समोरच पाळणाघराच्या ताईंना सांगितलं, "या काकांनी माझ्या मुलाला उचलू नये. तो भितो."

ताईंचा चेहरा पडला. ड्रायव्हर म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. सकाळी आरशात बघितलं की मीसुद्धा दचकतो."

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आईची बाही घट्ट धरून दारातच रडत होता. इतका की मी माझी खिडकी सोडून तणतणत तिकडे गेलो. बघतो तर ड्रायव्हर कॉरिडॉरमध्ये जमिनीवर फतकल मारून बसलेला, मुलाकडे पाठ. आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणतोय, "हत्ती कुठे ठेवलाय कोण जाणे. मी नवीन आहे बाबा इथे. कोणी रस्ता दाखवेल का?"

रडणं मधेच थांबलं. मुलाने दोन्ही डोळे एकदम उघडझाप केले आणि खोलीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. ड्रायव्हर गुडघ्यांवर रांगत नेमका दुसऱ्या बाजूला निघाला. "इकडे ना?" मुलाच्या चेहऱ्यावर असा काही वैताग आला, जसा माझ्या चेहऱ्यावर रोज असतो. त्याने आईची बाही सोडली, तुरुतुरु जाऊन ड्रायव्हरचं एक बोट मुठीत पकडलं आणि त्या अवाढव्य माणसाला वळवून हत्तीकडे नेलं. त्याची आई दारात उभी होती, मी तिच्यामागे. आम्ही दोघंही आ वासून बघत होतो. कशासाठी तणतणत आलो होतो ते मी साफ विसरलो.

त्या मुलाचं नाव तिथेच पडलं, डिपर. गाडीचे दिवे उघडझाप करतात तसे डोळे करतो म्हणून. ड्रायव्हरने सगळ्याच मुलांना अशी नावं दिली होती. सर्वांत मोठ्याने रडणारी हॉर्न, ताईंच्या मागे मागे फिरणारा स्टेपनी. आयांनाही सुटका नव्हती. डिपरची आई भुंगेताई झाली. तिला राग येईल असं मला वाटलं होतं, पण ती हसली.

पाळणाघराच्या खिडकीखाली एक फळी आहे. आईबाप सकाळी घाईत जे विसरतात ते त्या फळीवर. चष्मे, छत्र्या, घराच्या किल्ल्या, एकदा तर एका बाईंच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण. गणिताचे एक प्राध्यापक स्वतःचा रुमाल फळीवर सोडून मुलीचं लाळेरं खिशात घालून गेले आणि भर वर्गात त्या लाळेऱ्याने घाम पुसला. संध्याकाळी मूल ताब्यात देताना ड्रायव्हर विसरलेली वस्तू दोन हातांवर धरून बक्षीस दिल्यासारखी द्यायचा. आणि या सगळ्यांत भुंगेताई म्हणजे विसरण्यात पहिला नंबर. बाटली आणली तर झाकण नाही, झाकण आणलं तर दूध घरी. ती जायला लागली की ड्रायव्हर मागून विचारायचा, "आज काय?" आणि ती पळता पळता ओरडायची, "संध्याकाळी कळेल! येते!"

पुढचं मी सांगतोय, कारण आता ती स्वतःच नव्या आयांसमोर उभी राहून हे सांगते. नाहीतर कोण कशासाठी कोणाकडे येतं हे माझ्या तोंडून बाहेर पडत नाही.

तिच्या प्रबंधाचं शेवटचं वर्ष होतं. मुलगा सारखा आजारी, तिची झोप उडालेली, नवरा फोनवर. एकदा ती माझ्याकडे खोकल्याच्या गोळ्या मागायला आली. मी मुकाट्याने बरणी पुढे केली आणि नको तितका वेळ बिलांमध्ये डोकं घालून बसलो. कॉरिडॉर रिकामा झाल्यावर ती मनाच्या बाईंकडे गेली. काही दिवस जात राहिली. मग वेळ नाही म्हणून बंद केलं. बाई स्वतः दोनतीनदा पाळणाघराच्या दारात तिला भेटून आल्या. "बरी आहे मी," म्हणायची. चेहरा मात्र उतरत चालला होता. हसणं बंद झालं होतं, हे मला खिडकीतूनसुद्धा दिसत होतं. बाईंना तिने एकदाच सांगितलं होतं की माझ्या मुलाला माझ्यापेक्षा कोणीही चांगलं सांभाळेल.

आणि मग ती सकाळ.

माझ्या खिडकीपुढे गर्दी होती. ड्रायव्हर गर्दीतून वाट काढत आला. एका हातात डिपरची पिशवी. ती त्याने माझ्या खिडकीत ठेवली.

"बघा जरा."

"काय बघू? इथे लोक उभे आहेत."

"काही विसरली नाही ती."

"मग बरंच झालं की!" मी वैतागलो.

तो हलेना. पिशवीतून एकेक वस्तू काढायला लागला. दुधाच्या बाटल्या, सगळ्यांना झाकणं. इस्त्री केलेले कपडे, दोन दिवस पुरतील इतके. तापाचं औषध, वर चिठ्ठी चिकटवलेली, किती आणि कधी. रात्री पांघरायची दुलई, जी ती कधीच आणत नसे. लसीचं कार्ड. आणि तळाशी घराची किल्ली.

"बुटांच्या नाड्यासुद्धा दोन दोन गाठी मारून बांधल्यात," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खरोखर बारीक झाला होता. "आज काय, म्हणून विचारलं तर वळून बघितलं नाही. जी परत येणार असते ती विसरते हो. तिला ठाऊक असतं ना, संध्याकाळ आहे."

मी काही बोलायच्या आत तो मनाच्या बाईंच्या दाराकडे गेलासुद्धा. मुठीवर लाल चकती लटकत होती. तो थबकला. मला वाटलं, आता परत फिरेल. त्याने चकती हातात धरली आणि दुसऱ्या हाताने दार वाजवलं.

बाईंनी दार उघडलं. रागावल्या नाहीत. त्याने पिशवी पुढे धरली आणि चार वाक्यांत सांगितलं. बाईंनी किल्लीकडे बघितलं आणि आत बसलेल्या विद्यार्थ्याची माफी मागायला वळल्या, तर तो मुलगा आधीच उठून उभा होता. "जा मॅडम तुम्ही," तो म्हणाला, "मी थांबतो."

प्रयोगशाळेत फोन केला तर ती आलीच नव्हती. बाई स्वतःच्या मोबाइलवरून तिला लावणार, तर ड्रायव्हर म्हणाला, "तुमचा नाही उचलणार. पाळणाघरातून लावू. हा नंबर दिसला की कुठलीही आई उचलते." बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. म्हणाल्या, "तुम्हीच बोला. उपदेश करू नका, घाबरवू नका. बोलत राहा."

"तेवढंच येतं मला."

पाळणाघरातला फोन मोठ्याने बोलतो, मुलांच्या कल्लोळात ऐकू यावं म्हणून ताईंनी तसाच ठेवलाय. ड्रायव्हर जमिनीवर बसला, डिपरला मांडीवर घेतलं आणि ताईंनी नंबर लावला. घंटी वाजत राहिली. वाजत राहिली. मग उचलला. आधी नुसता वारा ऐकू आला.

"काय झालं त्याला?"

"काही नाही हो, मजेत आहे. मी ड्रायव्हर. माझंच जरा अडलंय. याला झोप आलीय आणि तुम्ही याला थोपटताना गुणगुणता ती अंगाई मला येत नाही. पहिल्या ओळीनंतर काय?"

ती म्हणाली, "अंगाई नाही ती काका. भुंग्यांची नावं आहेत. शास्त्रीय."

"बघा! मी आपला देवाचं काहीतरी समजत होतो. सांगा ना, मी मागून म्हणतो."

"ताईंना सांगा ना. त्या झोपवतील."

"ताई हॉर्नला भरवतायत. सांगा हो, माझी मांडी अवघडली."

पुन्हा वारा. बाई डोळे मिटून उभ्या होत्या. मी खिडकी सोडून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिलो होतो.

"कॅराबस," ती म्हणाली.

"कॅराबस."

"सिसिन्डेला."

"सिलिंडरला."

"सिसिन्डेला, काका."

"तेच म्हटलं की. पुढे?"

तिने पुढचं सांगितलं. त्याने ते चुकवलं. तिने दुरुस्त केलं. मला रुग्णवाहिकेतली ती तापलेली मुलगी आठवली. हा माणूस तिला वळणं विचारत होता.

मग तो अगदी सहज म्हणाला, "भुंगेताई, असं करतो, याला घेऊन तुमच्याकडेच येतो. तुमच्या तोंडून ऐकलं की झोपेल. कुठून वळू?"

"नको!" ती ओरडलीच. "इकडे नका आणू त्याला."

"बरं बरं, नाही आणत. पण फिरायला तर नेणारच मी त्याला. मग कुठून जाऊ नको तेवढं तरी सांगा."

ती एकदम आईच्या आवाजात म्हणाली, "पंपघराच्या बाजूने नका येऊ. तिथे पायऱ्या निसरड्या आहेत. तो हात सोडून पळतो."

पंपघर म्हणजे विद्यापीठाच्या मागचा तलाव.

बाईंनी माझ्या दंडाला धरलं. माझी स्कूटर बाहेरच होती. निघताना मी मागे बघितलं. ड्रायव्हर मान खाली घालून फोनमध्ये म्हणत होता, "निसरड्या आहेत होय? बरं झालं सांगितलंत. मला काय माहीत, मी नवीन आहे. हां, सिलिंडरलाच्या पुढे काय होतं?"

स्कूटर मी कशी चालवली ते मला आठवत नाही. पंपघराशी बाई चालत्या गाडीवरूनच उतरल्या. ती खालच्या पायरीवर बसली होती, अगदी पाण्याशी, चपला बाजूला नीट जोडीने काढून ठेवलेल्या, फोन कानाशी. आणि काय सांगू, ती त्याला रागावत होती. "नाही काका, पुन्हा चुकलात. डायटिस्कस. डायटिस्कस! किती वेळा सांगू?" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती त्याला रागावत होती.

बाई धावल्या नाहीत. त्यांनीही चपला काढल्या, पायऱ्या उतरल्या आणि तिच्याही खालच्या पायरीवर, ती आणि पाणी यांच्या मधोमध, फतकल घालून बसल्या. साडीचा काठ ओला झाला. काही बोलल्या नाहीत, फक्त बसल्या. मी वर स्कूटर धरून उभा होतो. इतकी वर्षं मी त्या बाईंच्या दारावरची चकती बघत होतो, आत काय चालतं ते मला त्या दिवशी दिसलं.

बऱ्याच वेळाने ती फोनमध्ये म्हणाली, "काका, मनाच्या बाई आल्यात."

"हो का?" तो म्हणाला. "मग तुम्ही दोघी मिळूनच या. हा अजून टक्क जागा आहे."

त्या पुढे चालत आल्या, बाईंचा हात तिच्या पाठीवर. मी मागून स्कूटर ढकलत आलो. पाळणाघराच्या दारात ती अडखळली. "मला आत नका नेऊ," म्हणाली. "मी त्याला टाकून निघाले होते." हे ती आम्हा सर्वांसमोर म्हणाली. आत ड्रायव्हर तसाच बसून होता. डिपर त्याच्या मांडीवर गाढ झोपलेला. ताईंनी मला नंतर सांगितलं, तिने फोन उचलायच्या आधीच पोर झोपलं होतं.

आवाजाने डिपर जागा झाला. ड्रायव्हरने त्याला खाली उभं केलं आणि म्हणाला, "डिपर, आई कुठे आहे रे? मला सापडत नाही. रस्ता दाखव." डिपरने डोळे उघडझाप केले, त्याचं बोट मुठीत पकडलं आणि त्या धिप्पाड माणसाला ओढत ओढत दारापर्यंत आणलं. तिथे त्याने ते बोट सोडलं आणि आईचा गुडघा धरला. ती खाली बसली. मी माझ्या खिडकीकडे निघून गेलो, कारण मला डोळे पुसायचे होते आणि तिथे लोक होते.

पुढचं काम डॉक्टरीणबाईंनी आणि मनाच्या बाईंनी केलं, आणि ते काही एका दिवसाचं नव्हतं. तिला मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं, बहीण येऊन राहिली, नवऱ्याने बदली मागून घेतली. प्रबंधाची मुदत वाढवून घेण्यासाठी बाई ऑफिसात जाऊन अशा बसल्या की सही झाल्याशिवाय उठल्या नाहीत. डिपर सगळे दिवस पाळणाघरात. आणि ड्रायव्हर रोज दुपारी तिला फोन करायचा. रोज एक भुंगा चुकायचा. मी एकदा म्हटलं, आता पुरे, नाटक किती करशील? तो म्हणाला, "नाटक कसलं? खरंच येत नाहीत हो. तुम्हाला येतात का?" मला येत नव्हते. अजून येत नाहीत.

ती पुन्हा प्रयोगशाळेत जायला लागली. रोज सकाळी डिपरला सोडायची, पिशवी ड्रायव्हरच्या हातात द्यायची. पिशवीत सगळं असायचं. झाकणांसकट. ती गेली की तो पिशवी उघडून बघायचा आणि काही न बोलता खुंटीला अडकवायचा. मी खिडकीतून त्याच्याकडे बघायचो, तो मान हलवायचा. आज नाही. डॉक्टरीणबाई दारातून विचारायच्या, "काय?" आज नाही. मनाच्या बाई नुसत्या भुवया उंचवायच्या. औषधं लागू पडत होती, ती जेवत होती, झोपत होती, बाईंकडे न चुकता जात होती, हे सगळं आम्हाला माहीत होतं. तरी आमची सगळी इमारत रोज सकाळी एका पिशवीकडे डोळे लावून बसायची.

एके दिवशी ती उशिरा आली. केस अर्धे विंचरलेले, खांद्यावरून दोन पिशव्या लोंबतायत, डिपर कडेवर. त्याला ड्रायव्हरच्या हातात जवळजवळ फेकलंच. "काका, माझे भुंगे कोष फोडून बाहेर यायला लागलेत, मी आधीच उशीर केलाय, येते रे सोन्या, येते!" आणि पळालीच.

ड्रायव्हर दारात उभा राहिला. पिशवीत बघितलं. मग हातातल्या पोराकडे बघितलं. आणि मग जो आवाज निघाला तो वसतिगृहापर्यंत गेला असेल.

"विसरली! ओ कंपाउंडर! डॉक्टरीणबाई! बूट विसरली! एकच बूट घालून आणलंय पोराला!"

डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून बाहेर आल्या, मागून त्यांचा पेशंटही आला. मनाच्या बाईंच्या दारावर लाल चकती होती. ड्रायव्हरने घाईने तोंडावर हात ठेवला. पण दार आतूनच उघडलं आणि बाई उंबऱ्यात उभ्या राहून तो उघडा पाय बघत राहिल्या. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो होतो, बरणी सांडली होती, खोकल्याच्या गोळ्या जमिनीवर इतस्ततः पळत होत्या, आणि मी रडत होतो, सगळ्यांसमोर. मला त्याची लाज वाटली नाही.

डिपर आपला उघडा पाय हलवत आमच्याकडे बघत होता, डोळे उघडझाप करत. दुसरा बूट घरी राहिलेला, त्यामुळे फळीवर ठेवायला काहीच नव्हतं. ड्रायव्हरला ते पटेना. त्याने डिपरच्या पायातला बूट काढला, हाताने पुसला आणि खिडकीखालच्या फळीवर ठेवला. संध्याकाळी ती येईपर्यंत तो बूट तिथेच होता.